मागच्या सीटवरचे पाय

१२ ऑक्टोबर, रविवार

आज नदीकाठी पहिला सराव झाला. मी तिथे का गेलो याची कारणं सगळ्यांना वेगवेगळी सांगून झाली आहेत. आईला सांगितलं, समाजसेवा. ती म्हणाली, "कॉलेज सोडलंस तेव्हा कुठे गेली होती समाजसेवा?" बाबा स्कूटरच्या पोटात डोकं घालून बसले होते. त्यांनी ते बाहेर काढलंच नाही. मे महिन्यापासून ते माझ्याशी पान्हे आणि नट यांपलीकडे बोललेले नाहीत. संघाच्या मेइ-ल्यान ताईंना सांगितलं, मला यंत्रांची आवड आहे.

खरं कारण पेइ-शान. इथे कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो.

संघ पेंग्विन मंडळींचा आहे. लहान मेंदू झिजत जाण्याचा रोग. तोल जातो, जीभ जड होते, हात पेल्याकडे जायला निघतो आणि भलतीकडे पोचतो. डुलत चालतात म्हणून पेंग्विन. हे नाव त्यांनीच लावून घेतलंय. अक्कल मात्र शेवटपर्यंत लख्ख राहते, आणि तोच खरा छळ. दरवर्षी जोडसायकलींवरून अख्ख्या बेटाची फेरी काढतात. पुढे धडधाकट माणूस, मागे रुग्ण. गावोगावच्या देणग्यांतून या लोकांना दिवसभर सांभाळणारं एक घर बांधायचंय.

पेइ-शानचे वडील, चुंग काका, त्यातलेच. मी हट्टानं त्यांचीच सायकल मागून घेतली. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. त्यांचा एकेक शब्द दगड ढकलल्यासारखा येतो, पण टोमणा बरोबर पोचतो. म्हणाले, "अर्धा इंजिनीअर. सायकल तरी पूर्ण चालवशील ना?"

पुढच्या नि मागच्या पायडलांना एकच साखळी बांधलेली. मागचा माणूस काय करतो ते पुढच्याला दिसत नाही, तळव्याला कळतं. काकांचा डावा पाय वर येताना हिसका देतो, मग क्षणभर काहीच नाही, मग पुन्हा हिसका. शिवणयंत्राचा टाका सुटावा तसा. पहिल्या वळणाला आम्ही दोघं गवतात पडलो. काका हसत होते. पेइ-शान धावत आली, तीही अडखळत. माझ्याकडे न बघता त्यांचे गुडघे झटकले.

पाच महिन्यांनी भेटली, आणि मला म्हणाली काय? "हेल्मेटचा पट्टा नीट लाव."

१९ ऑक्टोबर

गणित अगदी सरळ आहे. हा रोग रक्तातून उतरतो. निम्म्या मुलांना होतो, निम्म्यांना नाही. एप्रिलमध्ये तिनं तपासणी करून घेतली. एकटी गेली, एकटीच रिपोर्ट घेऊन आली आणि सांगितलं, स्वच्छ आहे. काका लहान मुलासारखे रडले. गल्लीत घरोघर तांदळाच्या पिठाची लाल कासवं, शुभ बातमीची मिठाई, वाटली. आमच्या घरीही आली होती, मी चार खाल्ली. आणि तीन आठवड्यांनी ती म्हणते, "आ-तुंग, आपलं संपलं. कारण विचारू नकोस."

म्हणजे काय? डोक्यावरची टांगती तलवार गेली, आता आयुष्य मोकळं, मग स्कूटर दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा कशाला हवा? त्याच आठवड्यात मी प्राध्यापकाशी भांडलो आणि कॉलेजला रामराम ठोकला.

आज तिला गाठून विचारलंच. म्हटलं, "फेरी संपेल त्या दिवशी मला एक उत्तर हवं. हो किंवा नाही. आणि नाही असेल तर कारण."

"तू बदलणार नाहीस ना?"

"नाही."

"बरं. तैपेईला परत आल्यावर देते." मग म्हणाली, "तोपर्यंत बाबांना पाडू नकोस."

काकांसाठी ही फेरी म्हणजे नवस आहे. पूर्वी ते पूर्वेच्या कडेकपारीच्या रस्त्यावर बस चालवायचे. तिथल्या एका माझू देवीला रोज हॉर्न वाजवून नमस्कार करायचे. मार्चमध्ये तिच्यापुढे जाऊन बोलले, मुलीचा रिपोर्ट स्वच्छ निघू दे, तुझ्या बेटाला माझ्या पायांनी फेरी मारीन. देवीनं ऐकलं. आता फेडायचंय. म्हणून मोटर लावलेली सायकल त्यांना चालत नाही.

१ नोव्हेंबर, शिन-चू

निघालो. ईशान्येचा वारा पाठीत होता, सायकल आपसूक पळत होती. काका मागून बसवाल्यासारखे ओरडत होते, "पुढे खड्डा! डावीकडे म्हातारी! अरे दाब ना ब्रेक, बैलगाडी हाकतोयस का?" मागे बसून त्यांना काय दिसतं देव जाणे. पोलीस चौकीत सायकलींसाठी पंप असतो, तिथे हवा भरून घेतली. हवालदारानं सगळ्यांना थंड चहा दिला, काकांना स्ट्रॉ लावून.

पेइ-शान मदतीच्या गाडीत आहे, पण गाडी चालवतात मेइ-ल्यान ताई. गेल्या वर्षी हीच चालवायची. विचारलं तर म्हणाली, "कंटाळा आला." तिच्या शेजारी तो येन. संघाचा फिजिओ. उंच, गोरा, हळू बोलणारा. असे हळू बोलणारे पुरुष मला मुळात आवडत नाहीत.

३ नोव्हेंबर, च्या-यी

ढुंगण सोलून निघालंय. बाकी लिहिण्यासारखं नाही.

५ नोव्हेंबर, छ-छंग

संध्याकाळी जेवणं झाल्यावर सगळे पावत्या लावत बसलो. दुकानातल्या प्रत्येक पावतीवर सरकारी सोडतीचा नंबर असतो. लोक त्या आमच्या पेटीत टाकतात, लागलं बक्षीस तर संघाला. पोतंभर जमल्या होत्या. या कामात पेइ-शानचा हात धरणारं कोणी नाही. पूर्वी पत्त्यांसारख्या पिसायची, मी नुसता बघत बसायचो.

आज तिनं पावतीला हातही लावला नाही. येन पावत्या चाळतोय आणि ही शेजारी बसून मोठ्यानं नंबर वाचून दाखवतेय. महाराणी! मी म्हटलं, "हात दुखतात वाटतं?"

येन म्हणाला, "राहू दे ना."

"तुला विचारलं का?"

मेइ-ल्यान ताई म्हणाल्या, "आ-तुंग, जा, बाहेर जाऊन समुद्र बघ."

बघितला. समुद्रच होता.

६ नोव्हेंबर, दा-वू

आज शोउकाचा घाट. दक्षिण टोकाचा हा चढ संपला की बेटाची पूर्व बाजू सुरू होते. काका मागून "हेइ-शो, हेइ-शो" करत होते. मध्येच त्यांचे दोन्ही पाय थांबले की दोघांचं वजन माझ्या एकट्याच्या मांड्यांवर येत होतं. माथ्यावर पोचलो तेव्हा मला ओकारी आली. लोक टाळ्या वाजवत होते. पहिल्यांदा वाटलं, हे मी केलं.

वळून बघतो तर पायऱ्यांवर येननं पेइ-शानच्या कमरेला हात घातलेला. नुसता घातलेला नाही, घट्ट. आणि ती त्याच्या दंडाला धरून उतरतेय, खाली बघत, नव्या नवरीसारखी.

माझ्या हातात पाण्याची बाटली होती. ती येनच्या खांद्याला लागली. भरलेली होती.

त्यानं वळूनही बघितलं नाही, त्याचाच जास्त राग आला. तिला हाक मारली आणि त्याला म्हटलं, "हात काढ!" त्यानं काढला नाही. तिला खालच्या पायरीपर्यंत नेलं, कठड्याला टेकवलं आणि मग माझ्यापाशी आला. म्हणाला, "तुला मारावंसं वाटतंय तर मार. पण तिला पायरीवर असताना हाका मारत जाऊ नकोस."

पायरीवर असताना! म्हणजे हा आता तिच्या पायऱ्यांचाही मालक.

मेइ-ल्यान ताईंनी सगळ्यांसमोर सुनावलं, आणखी एकदा असं झालं तर बसनं घरी. उतारावर काका म्हणाले, "ब्रेक कुठे दाबायचा ते तुला सायकलवर कळतं, जमिनीवर कळत नाही." मग ते पुढे म्हणाले, "मीही असाच होतो. लग्न झालं तरी."

ते मला हाकलून द्या म्हणाले नाहीत. का, ते कळत नाही.

७ नोव्हेंबर, ताय-तुंग

इतक्या माणसांत मी एकटाच जेवलो. भाताच्या डब्यातलं अंडं तसंच ठेवलं.

८ नोव्हेंबर, यू-ली

सकाळी काकांना ताप आला. रात्री पाणी ठसक्यानं भलतीकडे गेलं होतं. येन म्हणाला, आज गाडीत झोपून राहायचं. काका ऐकेनात. नवसात खंड पडेल. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. पेइ-शानला म्हणाले, "माझ्या जागी तू बस. माझंच रक्त आहे, देवी धरून घेईल."

पेइ-शानचा चेहरा पांढरा पडला. येन मध्ये पडला, "मी बसतो ना काका."

"तू कोण माझा? ती बसेल. धडधाकट पोरगी आहे. काय गं?"

ती म्हणाली, "बसते."

आणि ती माझ्या मागे बसली! ज्यासाठी मी हे सगळं केलं ते न मागता झालं. पण काय सांगावं, अख्खा दिवस कडू गेला. निघतानाच येनला म्हणाली, "पायडलचे पट्टे घट्ट बांध, डावा जास्त." आता वारा छातीवर होता. दोन्हीकडे डोंगर, मध्ये भातशेती, आणि वारा जसा हातानं मागे लोटणारा. मला तिच्या पायांची गरज होती आणि तिचे पाय लक्षच देत नव्हते. डावा वर येताना हिसका, मग काहीच नाही, मग पुन्हा हिसका. म्हटलं, "झोपलीस का?"

"नाही."

"मग पायडल मार ना! तुझे वडील तापातसुद्धा याहून बरे मारतात!"

मी पुन्हा ओरडलो, "सहा महिन्यांत सगळंच विसरलीस वाटतं, पाय मारायचं पण?"

"आ-तुंग," ती म्हणाली, "तू ओरडत राहा. थांबू नकोस. बरं वाटतंय."

हे काय बोलणं झालं? बरं वाटतंय म्हणे! पण मी ओरडत राहिलो. रस्त्याबद्दल, वाऱ्याबद्दल, येनबद्दल, माझ्या बाबांबद्दल. काही वेळानं माझंच ओरडणं मला लांबून ऐकू यायला लागलं. पाय आपले चालत होते. टाका सुटला की मी तो मधल्यामध्ये उचलायचो, काकांच्या वेळी सवय लागली आहे.

यू-लीला उतरल्यावर पट्टे सोडायला मी वाकलो. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तोल सांभाळायला ठेवला असणार. बराच वेळ ठेवला.

आज झोप येत नाही. काय खुपतंय ते सापडत नाही.

१० नोव्हेंबर, ह्वा-लिएनच्या उत्तरेला

आज देवीचं देऊळ.

काका बरे आहेत, कालपासून पुन्हा मागे बसतात. देऊळ छोटंसं, रस्त्याच्या वळणावर, समोर थेट समुद्र. पायऱ्या उंच होत्या. पेइ-शान म्हणाली, मी खालीच थांबते, येनही थांबला. मी काकांना पाठुंगळी घेऊन वर नेलं.

फळं ठेवली, उदबत्त्या लावल्या. काकांनी देवीला आपलं नाव, पत्ता, जन्मतारीख सांगितली. देवीला एवढी माणसं असतात, चुकायला नको. मग म्हणाले, नवस फेडला आहे, दोन दिवसांत तैपेईला पोचतोय, गोड मानून घे. आता कौल लावायचा. लाकडाच्या दोन चंद्रकोरी, एक बाजू सपाट, एक फुगीर. एक सपाट नि एक फुगीर वर आली तर हो. दोन्ही सपाट वर आल्या तर देवी हसतेय. दोन्ही फुगीर वर आल्या तर नाही.

काकांच्या हातून एक कोर टेबलाखाली गेली. म्हणाले, "तू टाक. तूच आणलंस इथवर."

मी टाकल्या. नाही.

पुन्हा टाकल्या. नाही.

काका हसले, "तुझ्यावर रागावलीय. बाटल्या फेकतोस म्हणून." तिसऱ्यांदा मी गुडघ्यावर बसून, अगदी हलक्या हातानं टाकल्या. दोन्ही कोरी पाठ वर करून पडल्या.

देवळात झाडणारी म्हातारी हे बघत होती. सहज म्हणाली, "प्रश्न बदला की. नवस फिटला का, हे विचारूच नका. नवस लागू झाला होता का, ते विचारा. माणसं मागितलेलं मिळालं समजून फेडायला येतात, देवी घेत नाही. न दिलेल्याचं कसं घेईल?"

मी कोरी उचलल्या. काकांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात कधी नेमका पडत नाही, आज पहिल्याच खेपेला पडला.

"नको. देवीला नको. तुला विचारतो." थोडा दम घेतला. "परवा ती तुझ्या मागे बसली होती. दिवसभर. साखळीतून सगळं कळतं, मला माहितेय. कसे होते तिचे पाय?"

आणि तेव्हा मला कळलं. तिथे, कोरी हातात घेऊन उभा असताना. गाडी, पावत्या, पायऱ्या, कमरेवरचा हात, डावा पट्टा. सगळं एकदम. एप्रिलमध्ये ती एकटी का गेली होती तेही. खाली समुद्राचा आवाज येत होता आणि मी दिवसभर तिच्यावर काय काय ओरडलो होतो ते एकेक शब्दानं आठवत होतं.

"सरळ," मी म्हटलं. "एकदम सरळ. तुमच्यापेक्षा लाखपट बरे. वाऱ्यात मला ओढून नेलं तिनं."

काका माझ्याकडे बघत राहिले. मान डुलत होती, ती नेहमीच डुलते.

"अर्ध्या इंजिनीअरा," ते म्हणाले, "खोटं मात्र पुरतं बोलतोस."

मग आम्ही दोघं देवीसमोर बसलो. ते रडले नाहीत. मी रडलो, त्यांनी आपल्या बाहीनं माझं नाक पुसायचा प्रयत्न केला, ती डोळ्यात गेली. म्हणाले, "मी विचारलं होतं हे तिला कळता कामा नये. मला काही माहीत नाही असं तिला वाटतं, तेवढाच एक आधार आहे तिला. तो काढायचा नाही."

पाठुंगळीनं खाली आणलं. शेवटच्या पायरीवरूनच ते ओरडले, "एका फेकीत! एका फेकीत हो म्हणाली देवी!"

पेइ-शाननं टाळ्या वाजवल्या. येनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. हो, एका फेकीत.

११ नोव्हेंबर, यी-लान

कडेकपारीचा रस्ता सायकलींना धोक्याचा, म्हणून तेवढा टप्पा दरवर्षी रेल्वेनं. बोगद्यामागून बोगदे. काका खिडकीशी बसून वरच्या रस्त्याची वळणं सांगत होते, दिसत एकही नव्हतं. पेइ-शान त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून "मग? मग?" करत होती. ते तिच्यासाठी आनंदी, ती त्यांच्यासाठी. मी समोरच्या बाकावर बसून दोघांच्याही बाजूनं खोटा.

येनला म्हटलं, "खांदा कसा आहे?" तो म्हणाला, "निळा." त्यानं चहात उकडलेलं अंडं सोलून मला दिलं. बाकी काही विचारलं नाही. त्यानंही खूप दिवस कोणाला काही सांगितलेलं नसणार.

१२ नोव्हेंबर, तैपेई

पोचलो. फुगे, ढोल, फोटो. आई आली होती. बाबाही. बाबांनी माझ्याऐवजी सायकलची साखळी तपासली आणि म्हणाले, "ताण बरोबर ठेवलायस." सहा महिन्यांतलं सगळ्यात लांब वाक्य.

मी ठरवलं होतं, पेइ-शानला काही विचारायचं नाही. तीच आली. कठड्याला टेकून उभी राहिली.

"विचार ना. आज विचारणार होतास."

"नाही विचारत."

"मग मीच सांगते. नाही."

"बरं."

"कारण नको?"

"नको."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी आयुष्यात कधी इतकं सांभाळून उभा राहिलो नव्हतो.

"भांडला असतास तर बरं झालं असतं," ती म्हणाली. मेइ-ल्यान ताई गाडीतून हाक मारत होत्या. ती गाडीपर्यंत एकटी गेली, हळू, कोणाचा हात न धरता. मी तिथूनच बघितलं. हाक मारली नाही.

घरी येऊन गादी फाटेस्तोवर बुक्क्या मारल्या.

१६ नोव्हेंबर, रविवार

सरावाला गेलो. काकांना खोकला आहे, ते आले नाहीत. माझ्या मागे नव्या बाई बसवल्या, वू बाई. शाळेत गाणं शिकवायच्या, गेल्या वर्षीपासून डुलायला लागल्या. त्यांचे पाय निराळे, दोन्ही एकदम घाबरतात. पुलापर्यंत जाऊन आलो. उतरल्यावर म्हणाल्या, "किती शांत चालवता हो तुम्ही! मला तर भीतीच वाटली नाही."

मी! शांत! हे ऐकून पोट धरून हसणारं माणूस जगात एकच आहे. दुपारभर फोनकडे बघत बसलो. शेवटी लावला.

तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "शांत? त्या बाईंचे डोळेही गेलेत का?"

"त्यांना काय दिसणार? मागून नुसती पाठ दिसते."

ती हसायची थांबली. म्हणाली, "पाठीवर सगळं दिसतं, आ-तुंग. त्या दिवशी यू-लीच्या रस्त्यावर तुझी पाठ एकदम गप्प झाली होती. तोंड ओरडतच होतं, पाठ गप्प. मी दिवसभर तेच बघत होते. तुझ्या पाठीला तेव्हाच कळलं होतं. तुलाच उशीर झाला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबांना माहीत नाही," ती म्हणाली. "त्यांना कळता कामा नये."

"नाही कळणार," मी म्हटलं.

"आणि उत्तर नाहीच आहे. तुझ्या मागे मी आयुष्यभर ओझं होऊन बसणार नाही."

"ओझं कुठे होतीस? नीट पायडल मारत नव्हतीस, एवढंच," मी ओरडलो. खरोखरच ओरडलो, शेजारच्या खिडकीतून कोणीतरी डोकावलं. "आळशी! ओझं काय! नुसती आळशी!"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "हां. असं." आणि फोन ठेवला.

काकांच्या खोकल्याचं विचारायचं राहूनच गेलं. उद्या पुन्हा फोन करावा लागेल.